अर्ध्यावर जोडलेला फोन

"नमस्कार, कुठे जोडू?"

दिवसातून चारशे वेळा म्हणायचं हे वाक्य ताईनं त्या सकाळीही म्हटलं आणि बोट बटणांवर तयार ठेवलं. तीस वर्षं ती त्या हॉस्पिटलच्या टेलिफोनवर होती. समोरचा माणूस पुढे काय बोलणार ते तिला पहिल्या चार शब्दांत कळायचं. 'पोटात' म्हटलं की एकशे बारा, 'दिवस भरलेत' म्हटलं की दोनशे चार, आणि माणूस नुसताच रडत असला तर सरळ अपघात विभाग. नव्या ऑपरेटर मुली एकेकाचं पाल्हाळ पाच-पाच मिनिटं ऐकत बसायच्या, तेव्हा ताई त्यांना झापायची. "अगं, अर्ध्या वाक्यात ओळखता आलं पाहिजे. आपल्याला ऐकायचं नसतं, पोचवायचं असतं." मुली तोंडावर 'हो ताई' म्हणायच्या आणि पाठ वळली की डोळे फिरवायच्या. पण तिच्यासारखा हात कुणाचाच नव्हता, हेही त्यांना ठाऊक होतं.

"अहो, ते बोलायला शिकवतात ना, तो विभाग हवा होता," पलीकडून एक बाई म्हणाली. "नवऱ्याला झटका आला, दोन महिने झाले. वाचा गेलीय. म्हणजे अगदीच गेली नाही..."

तीनशे दहा. ताईचं बोट बटणावर टेकलंसुद्धा.

"...काचेच्या दुकानात होते. काच उचलायचे. आता पाच-सहा शब्द तेवढे उरलेत."

बोट तिथंच राहिलं. आज तारीख कोणती, हे ताईला कुणी सांगायला नको होतं. पहाटे ड्यूटीवर आल्या आल्या तिनं कानाला हेडफोन लावून एका रिकाम्या लाईनवर, ऑपरेटरच्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं होतं, "परदेशातून फोन आहे. जरा साहेबांना देता?" आणि मग मिनिटभर त्या लाईनची घूं घूं ऐकत बसली होती. दर वर्षी ह्या तारखेला ती हे करायची. कुणी पाहिलं असतं तर म्हातारपणी चळली म्हटलं असतं.

"ताई?" पलीकडची बाई अडखळली. "तुम्हीच ना? मला आवाजावरून वाटलंच. मी... गोटीची बायको."

ताईनं बटणावरचं बोट काढून घेतलं.

"यंदा ते येऊ शकले नाहीत हो तुमच्याकडे. काच पुसायची राहिली."

राहिली, हे ताईला माहीत होतं. एकोणीस दिवसांपूर्वी सकाळी उठून तिनं पडदा सरकवला, तर खिडकीवर वर्षभराची धूळ तशीच. आधी तिला बरं वाटलं. चला, लाज वाटली एकदाची मेल्याला. मग दिवसभर तिला काही सुचेना. चार फोन चुकीच्या ठिकाणी जोडले तिनं त्या दिवशी.

"बोलतो का तो काही?" तिनं विचारलं. आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न केला.

"बोलतात की. उचल, चल, पायरी, थांब, ठेव. झालं. चहा हवा असला तरी 'उचल', आणि नको असला तरी 'उचल'." बाई हसायला गेली आणि तिचा आवाज फुटला. "डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षं सवयीनं म्हटलेले-ऐकलेले शब्द टिकतात. बाकीचे पुसले जातात. परवा पुन्हा तोंड जरा वाकडं झालं होतं. अजून एक झटका आला तर हेही जातील म्हणाले."

मागे तीन लाईनी लुकलुकत होत्या. शेजारची मुलगी ताईकडे टकामका बघत होती, कारण ताईनं आजवर कुठल्याच फोनला इतका वेळ दिला नव्हता.

"पत्ता सांग," ताई म्हणाली.

*

भाऊ तिच्याहून तेरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि वडील घरात असून नसल्यासारखे. शाळेत घालण्यापासून ताप उतरवण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं. त्याचं तिला कधी फारसं वाईट वाटलं नाही, कारण पोरगा मोठा होता होता तिचा मित्र झाला. भाऊ म्हणा, मैत्रीण म्हणा, भांडायला हक्काचं माणूस म्हणा, जे काय होतं ते एवढं एकच. ऑफिसात कोण काय बोललं ते त्याला सांगितल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. तोही दुकानातल्या गोष्टी मीठमसाला लावून सांगायचा.

काचेच्या दुकानात तो ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणायचे. त्याचा जोडीदार बुटका आणि गोल, म्हणून गोटी. मोठी काच एकट्यानं उचलता येत नाही, जोडीच लागते, आणि ह्या दोघांची जोडी नऊ वर्षं फुटली नव्हती. रविवारी गोटी घरी यायचा, ताईच्या हातचं जेवायचा आणि जेवताना शिडीची यथेच्छ टिंगल करायचा. "ताई, ह्याचं लग्न करायचं तर आधी दाराची चौकट वाढवून घे हां. नवरदेव वाकूनच आत यायचा नाहीतर."

शिडीच्या वाढदिवसाला ताई हॉस्पिटलच्या बोर्डावरून दुकानात फोन लावायची. "परदेशातून फोन आहे. जरा साहेबांना देता?" शिडी घोगरा आवाज काढून म्हणायचा, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. काच पुसतायत." मागून गोटीचं खो खो हसणं ऐकू यायचं.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी, वाढदिवसाला एकोणीस दिवस असताना, भर सकाळी बोर्डावर एक फोन आला.

"नमस्कार, कुठे जोडू?"

"ताई! शिडी जिन्यात पडलाय ताई, रक्त थांबत नाही. मी काच सोडली, ताई, मी—"

ताईचं बोट बटणावर गेलं होतं. अपघात विभाग, अँब्युलन्स, पत्ता. तीन सेकंदांत. इतकं चोख काम तिनं उभ्या आयुष्यात केलं नसेल. अँब्युलन्स वेळेत पोचली, पण तो वाटेतच गेला. दुपारी कॉरिडॉरमध्ये गोटी रक्तानं माखलेल्या बाह्या घेऊन तिच्यासमोर आला. "ताई, ऐकून तरी घे."

"ऐकलंय मी," ती म्हणाली. "तू सोडलीस. पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

चौकशी झाली, तिथंही गोटीनं एवढंच सांगितलं की काच माझ्या हातून सुटली. अपघात असा शिक्का बसला. गोटी दुकान सोडून दुसरीकडे गेला, पण काम काचेचंच.

पुढच्या वर्षी भावाच्या पुण्यतिथीच्या दिवशी ताईनं सकाळी पडदा सरकवला, तर खिडकीची काच बाहेरून लख्ख पुसलेली. इतकी स्वच्छ की मध्ये काच आहे हेच कळेना. रस्त्याच्या पलीकडे गोटी उभा होता, हातात कापड. ताईनं बादलीतलं फरशी पुसलेलं पाणी उचललं आणि खिडकी उघडून त्याच्या दिशेनं फेकलं. अर्धं त्याच्या अंगावर गेलं, अर्धं काचेवर उडालं. तो कापड झटकून निघून गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा काच लख्ख, आणि पुन्हा ताईची बादली. दहा वर्षं असं चाललं. आपसूक वाटणी होऊन गेली होती. वाढदिवस तिचा, पुण्यतिथी त्याची.

पण एक गोष्ट ताईनं कुणाला सांगितली नव्हती. 'मी काच सोडली, ताई, मी—' ह्याच्यापुढे काय होतं? तो काहीतरी सांगत होता आणि तिनं लाईन जोडून टाकली. जोडायलाच हवी होती, त्यात चूक काय? चूक नव्हतीच. मग रोज अंथरुणावर पडलं की ते अर्धं वाक्य कानात का यायचं? कधी ती स्वतःच ते पुरं करायची. मी सोडली, मी घाबरलो. मी सोडली, मी दमलो होतो. मी सोडली, मी दुसरीकडे बघत होतो. ह्यातलं कुठलंही असलं तरी त्याला शिव्या देता आल्या असत्या. पण खरं कुठलं, ते ठाऊक असलेला जगात एकच माणूस होता, आणि आता त्याच्याकडे पाच शब्द उरले होते.

*

गोटीचं घर म्हणजे एकापाठोपाठ एक दोन खोल्या आणि मागे छोटंसं अंगण. बायकोनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. आतल्या खोलीत तो खुर्चीत बसला होता. बारीक झाला होता. गोटी म्हणावं असं त्याच्यात काही उरलं नव्हतं. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता.

ताईला पाहून तो धडपडत उठायला लागला. "थांब," तो म्हणाला. "थांब, थांब, थांब."

"आनंद झाला की असंच करतात," बायको म्हणाली. "बसा ना ताई."

ताई बसली. इथवर येताना तिनं मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती. "आज त्याचा वाढदिवस," एवढंच कसंबसं निघालं.

गोटीनं डावा हात वर केला. आधी चार बोटं दाखवली, मग दोन.

बेचाळीस. त्यानंही हिशेब ठेवला होता. ताईला त्याचा राग आला. तिच्या दिवसात हा कशाला लुडबुडतो?

"हे बघ, गोटी," ती म्हणाली. "मी भांडायला नाही आले. मला एकच विचारायचंय. तुला बोलता येत नाही, माहितीय मला. नुसती मान हलव. हो की नाही. काच तू सोडलीस ना?"

बायको दारातच खिळून उभी राहिली. गोटी ताईकडे बघत होता. वाकड्या झालेल्या ओठांत त्यानं काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण बाहेर काही पडेना. मग त्यानं मान हलवली.

हो.

अकरा वर्षं तिला हे माहीत होतं. तरी ती त्याची मान पुन्हा हलण्याची वाट बघत राहिली. म्हणजे कुठेतरी, मनाच्या तळाशी, तो 'नाही' म्हणेल अशी आशा होती की काय? 'नाही' म्हटला असता तर ती त्याला खोटारडा म्हणाली असती. पण 'हो'चं काय करायचं, हे तिनं ठरवलंच नव्हतं.

"झालं तर मग," ती उठली. "काळजी घे गं त्याची," ती बायकोला म्हणाली आणि पिशवी उचलून पुढच्या खोलीकडे वळली.

"थांब!"

"आता कशाला थांबू रे? काय राहिलंय?"

"थांब! थांब!" त्यानं खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. उठला, तोल गेला, बायकोनं धरायच्या आत भिंतीला टेकला आणि उजवा पाय ओढत मागच्या दाराकडे निघाला. दारातून अंगणाकडे बोट दाखवून तो ओरडला, "उचल! उचल, पायरी, पायरी!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे आता रोजचंच झालंय बघा. कॉटवरची फळी आहे ना, प्लायची, ती मी गादी उन्हात घातली की धुऊन अंगणात उभी करते. ती फळी दिसली की ह्यांना काम आठवतं. मला दुसरं टोक धरायला लावतात. मी म्हणते, बरं बाबा, घेऊया उचलून. तर मला ढकलून वर पायरीवर उभं करतात, पाठमोरी. तुम्हीच सांगा, हे असे लुळे, मी खाली राहून ओझं घ्यायला नको? पण नाही. वरच उभी राहा. आणि मी नाही चढत उलटी, म्हटलं की रडतात."

"तुला त्यानं कधी सांगितलं नाही? त्या दिवसाचं?"

"विचारलं की म्हणायचे, आधी ताईला सांगेन. मग तुला."

ताईचा हात पुढच्या दाराच्या कडीवर होता. कडी काढायची, रस्ता ओलांडायचा, घरी जायचं. उत्तर मिळालं होतं. अर्ध्या वाक्यात मिळालं होतं.

अर्ध्या वाक्यात.

तिनं पिशवी खाली ठेवली.

*

अंगण जेमतेम दोन खाटांएवढं. एका कडेला पाण्याची सिमेंटची टाकी, तिच्या बाजूला भिंतीवर वाळत घातलेली गादी, आणि घरात यायला तीन पायऱ्या. फळी टाकीला टेकवून ठेवलेली होती.

गोटीनं ताईच्या दंडाला धरून तिला सगळ्यात खालच्या पायरीवर उभं केलं. तोंड अंगणाकडे, पाठ घराकडे. फळीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दुसरं टोक त्यानं डाव्या हातानं उचललं आणि लुळ्या उजव्या हाताच्या कोपरावर टेकवलं. मग टाकीला पाठ लावून तो तिच्यासमोर ताठ उभा राहिला.

इथं ताईला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. ह्या दोघांचं काम तिनं डोळ्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, पण जेवणाच्या ताटावर हजारदा ऐकलं होतं. जिना चढताना बुटका वर आणि उंच खाली. वरचा पाठमोरा चढतो, त्याला मागचं काही दिसत नाही. खालच्याला सगळं दिसतं, म्हणून हुकूम खालच्याचे. वरच्यानं फक्त ऐकायचं. शिडी म्हणायचा, "गोटी 'का' म्हणून विचारत नाही, म्हणून तर आमची जोडी टिकलीय. विचारत बसला तर पाय घसरेल की."

"गोटी," ती म्हणाली, "तू तिथे कसा? तिथे तर तो असायचा."

गोटीचे डोळे चमकले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य तो प्रश्न विचारला होता. फळी छातीशी टेकवून त्यानं डावा हात मोकळा केला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि नाही, नाही अशी मान हलवली. मग तेच बोट ताईकडे केलं आणि पुन्हा स्वतःकडे वळवलं. मी म्हणजे मी नाही. तू म्हणजे मी.

ताईला गोटी व्हायचं होतं. आणि समोर तिचा भाऊ उभा होता.

तिनं फळीवरची पकड घट्ट केली. "कळलं," ती म्हणाली. "चल."

"उचल," तो म्हणाला.

आवाज बदलला होता. खुर्चीतल्या आजारी माणसाचा आवाज हा नव्हे. हा स्वच्छ, शांत, कामातला आवाज होता. ताईनं फळी उचलली. फारशी जड नव्हती.

"पायरी."

तिनं डावा पाय मागे, वर टाकला. पाठीमागे काय आहे ते दिसत नव्हतं. पाय क्षणभर हवेतच चाचपडला. पाय टेकला तेव्हा पायरी बरोबर तिथंच होती.

"चल. पायरी."

दुसरी पायरी. ह्या वेळी भीती कमी वाटली. तो मान उंचावून तिच्या खांद्यावरून मागे बघत होता, तिच्या पायांकडे बघत होता, सगळं त्याला दिसत होतं. तिला काही बघायची गरज नव्हती. कितीतरी वर्षांत तिला असं वाटलं नव्हतं, की आपण आंधळे झालो तरी चालेल, समोर कुणीतरी आहे.

"थांब."

ती थांबली. गोटीची नजर खाली फळीवर आली होती. फळीच्या मधून ती सरकत सरकत वर जात होती, ताईच्या टोकाकडे, ताईच्या हातांकडे, तिच्या पोटाकडे. जणू त्याला तिथं एक तडा धावत जाताना दिसत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं ताईकडे पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडला,

"सोड!"

ताईनं सोडली.

तिनं ठरवून सोडली नाही. शब्द कानात शिरला आणि बोटं उघडली, एवढंच. मध्ये 'का'ला जागाच नव्हती. ती भिंतीला चिकटली आणि फळी धाडकन खाली घसरली, सरळ गोटीच्या छातीवर. तो मागे टाकीवर आदळला. पण त्यानं फळी टाकली नाही. बाजूलाही झाला नाही. बाजूला व्हायला जागाच नव्हती, डावीकडे भिंत, मागे टाकी. एका हातानं त्यानं फळी छातीशी घट्ट आवळून धरली होती आणि डोळे मिटले होते.

"अगं बाई!" बायको धावत आली. "लागलं का? ताई, हा शब्द... हा शब्द नव्हता हो त्यांच्याकडे. एकदाही म्हटला नव्हता."

ताई ऐकत नव्हती. काचेचं एवढं गणित भावाच्या गप्पांतून तिलाही येत होतं. जिन्यात काच तडकली आणि वरच्यानं धरून ठेवली किंवा दोघांनीही सोडली, तर वरचा तुकडा वरच्याच्या पोटात जातो. वरच्यानं सोडली आणि खालच्यानं धरून ठेवली, तर सगळी काच खाली येते. खालच्यावर.

"त्यानं सांगितलं?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "सोड म्हणून? त्यानं सांगितलं तुला?"

गोटीनं मान हलवली. हलवत राहिला. वाकड्या तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांतून पाणी, आणि त्याला दोन्ही पुसता येत नव्हतं, कारण हातात फळी होती.

"मग सांगितलं का नाहीस रे मला! इतकी वर्षं..."

प्रश्न अर्ध्यावरच तुटला. सांगायला तर तो पहिल्या मिनिटालाच आला होता. आधी फोनवर, मग कॉरिडॉरमध्ये. मग दर वर्षी, हातात कापड घेऊन. ज्या माणसाला वाचवायला तिच्या भावानं जीव दिला, त्या माणसावर तिनं दहा वर्षं घाण पाणी फेकलं होतं. आणि तो बिचारा तेही मुकाट झेलत राहिला, कारण त्यालाही वाटत होतं की आपण सोडायला नको होती. विचारायला हवं होतं. एकदा तरी 'का' म्हणायला हवं होतं.

तिला त्याला सांगावंसं वाटलं, की नाही रे, तुला विचारता आलंच नसतं. मीसुद्धा सोडली. बघितलंस ना, मीसुद्धा सोडली. पण दिवसाला चारशे माणसांशी बोलणाऱ्या ह्या बाईला आत्ता एक शब्द मिळेना. ती पायरीवर मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. अकरा वर्षांत अशी रडली नव्हती. रागात माणसाला रडता येत नाही. आणि आता राग काढून घेतल्यावर तिच्याकडे काय उरलं होतं? नुसता तो गेलेला. कुणाचीही चूक नसताना गेलेला.

बायकोनं फळी घ्यायला हात पुढे केला. गोटीनं दिली नाही. तो ताईकडे बघत होता.

"उचल," तो हळूच म्हणाला.

ताईनं डोळे पुसले. खाली उतरली. आपलं टोक पुन्हा हातात घेतलं आणि पाठमोरी उभी राहिली.

"पायरी," तो म्हणाला. "पायरी. थांब." त्याला पाय उचलायला वेळ लागत होता. बायकोनं मागून त्याच्या कमरेला आधार दिला. "चल. पायरी." उंबरा आला, ताईनं तो न बघता ओलांडला. खोलीत आल्यावर त्यानं तिला कॉटपर्यंत नेलं. फळी कॉटच्या चौकटीवर नीट टेकली, चारही कोपरे बसले.

"ठेव," गोटी म्हणाला.

त्यानं आपलं टोक सोडलं आणि धापा टाकत भिंतीला टेकला. ताई मात्र तशीच वाकून उभी राहिली. फळी टेकली होती, वजन उतरलं होतं, आता धरण्यासारखं हातात काही नव्हतं. पण कडेवरून तिची बोटं निघेनात.

"ठेव," तो पुन्हा म्हणाला.

तिनं मान हलवली. नाही.

त्याची बायको तोवर उन्हातली गादी कवेत घेऊन आली होती. ती दारातच थांबून राहिली.